कायदा झाला, मग कोर्टात कशाला? मराठा आरक्षणाचा कागद मंत्रालय, संसद आणि न्यायालयात का फिरतोय

पारावर, एसटी स्टँडवर, न्हाव्याच्या दुकानात, कुठंही बसा, तासाभरात विषय आरक्षणावर येतोच. आणि आला की तीन प्रकारची माणसं बोलतात. पहिला म्हणतो, "विधानसभेत एकमतानं कायदा झाला ना, मग परत कोर्टात कशाला?" दुसरा म्हणतो, "सरकार देतंय, कोर्टच आडवं येतंय." तिसरा विडी विझवत म्हणतो, "सरकारलाच द्यायचं नाही, म्हणून मुद्दाम कच्चा कायदा करतात."

तिघांच्याही बोलण्यात थोडं थोडं तथ्य आहे आणि तिघंही अर्धंच सांगतात. आपल्या बीड जिल्ह्यानं या विषयाची किंमत मोजली आहे. ३० ऑक्टोबर २०२३ ला माजलगावात आणि बीड शहरात आमदारांची घरं पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद पडलं. आंदोलनाचा चेहरा झालेले मनोज जरांगे मूळचे याच जिल्ह्यातल्या मातोरीचे. ओबीसी समाजाच्या मोठ्या सभाही इथंच होतात. एका गावात, एका बांधावर राहणारी माणसं या विषयावरून एकमेकांच्या लग्नाला जायची थांबली, हे आपण डोळ्यानं बघितलंय. त्यामुळं कोण बरोबर, कोण चूक, हे सांगायला हा लेख नाही. कागद अडकतो कुठं आणि का, एवढंच इथं सांगायचं आहे.

सगळे कागद सारखे नसतात

मोबाईलवर बातमी येते, "सरकारनं आरक्षण दिलं." दिलं म्हणजे काय दिलं, हे बघायची सवय आपल्याला नाही. सरकार चार तऱ्हांनी काही देऊ शकतं आणि चारहींची ताकद वेगळी असते.

सगळ्यात हलका कागद म्हणजे शासन निर्णय, ज्याला आपण जीआर म्हणतो. तो मंत्रालयात निघतो. त्याला विधानसभा लागत नाही, पण नवा कायदा करायची ताकदही त्यात नसते. असलेला कायदा कसा राबवायचा, एवढंच तो सांगतो. त्याच्या वर अध्यादेश. अधिवेशन चालू नसताना राज्यपालांच्या सहीनं निघतो, कायद्याइतकाच चालतो, पण नंतर सभागृहात मंजूर करून घ्यावा लागतो, नाहीतर गळून पडतो. मग कायदा, तो विधानसभा आणि विधान परिषदेत पास होतो. आणि सगळ्यात वर घटनादुरुस्ती. ती मुंबईत होतच नाही. ती फक्त दिल्लीत संसदेत होते, दोन्ही सभागृहांत, हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतांनी.

खालचा कागद वरच्या कागदाच्या विरोधात गेला की तो टिकत नाही. आणि गेला की नाही गेला, हे ठरवायचं काम न्यायालयाचं. राज्यघटनेच्या कलम १३ मध्येच लिहिलंय की मूलभूत हक्कांच्या विरोधात जाणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द समजावा. म्हणजे न्यायालय आपल्या मनानं मध्ये पडत नाही. कुणीतरी याचिका घेऊन जातं, आणि घटनेनं सांगितलेलं काम ते करतं. ते बरं करतं की वाईट, यावर भांडण असू शकतं, आहेच.

पन्नास टक्के कुठं लिहिलेत?

खरी मेख इथं आहे. पन्नास टक्क्यांच्या वर आरक्षण नको, हे वाक्य राज्यघटनेत कुठंही नाही. पानं उलटून बघा, सापडणार नाही. घटना समितीत ३० नोव्हेंबर १९४८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एवढं मात्र सांगितलं होतं की आरक्षण हे एकूण जागांच्या कमी भागापुरतं ठेवावं लागेल, नाहीतर सगळ्यांना समान संधी या तत्त्वालाच धक्का लागेल. आकडा त्यांनी दिला नव्हता.

आकडा आणला न्यायालयानं. तेव्हाच्या म्हैसूर राज्यानं ६८ टक्के जागा राखीव केल्या होत्या. १९६२ मध्ये बालाजी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला आणि साधारणपणे निम्म्याच्या आत राहा असं सांगितलं. पुढं मंडल आयोगाचा वाद पेटला आणि १६ नोव्हेंबर १९९२ ला इंद्रा साहनी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठानं ओबीसींचं २७ टक्के आरक्षण कायम ठेवलं, पण दोन अटी घट्ट केल्या. क्रीमीलेअर वगळा, आणि एकूण आरक्षण पन्नासच्या वर नेऊ नका. अगदी असाधारण परिस्थिती असेल तर अपवाद, पण तोही फार जपून. उदाहरण म्हणून त्यांनी दूरच्या, मुख्य प्रवाहाबाहेर राहिलेल्या भागातली माणसं सांगितली.

आता आपल्या राज्याचं गणित मांडा. अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, ओबीसी १९, विमुक्त जाती आणि भटक्या जमाती मिळून ११ (यातच धनगर समाजाचे साडेतीन आणि वंजारी समाजाचे दोन), विशेष मागास प्रवर्ग २. बेरीज ५२. म्हणजे मराठा समाजाचा हिशेब सुरू व्हायच्या आधीच डबा भरलेला आहे, दोन टक्के सांडलेलेही आहेत. त्यावर आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याचे १० धरले की ७२.

यातल्या आर्थिक दुर्बल घटकांच्या दहा टक्क्यांना न्यायालयानं हरकत घेतली नाही. ते कसं? कारण ते आरक्षण कायद्यानं नाही, घटनादुरुस्तीनं आलं. जानेवारी २०१९ मध्ये संसदेनं १०३ वी घटनादुरुस्ती केली, आणि ७ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी ती मान्य केली. पन्नासची मर्यादा ही जातीवर आधारलेल्या मागासपणाच्या आरक्षणाला आहे, ती अशी ताठर नाही की संसदेला हातच लावता येणार नाही, असा बहुमताचा सूर होता. मराठा संघटना तेव्हापासून विचारतात, "तिथं चालतं तर इथं का नाही?" प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच, की तिथं दिल्लीनं घटना बदलली होती.

खरेदीखत आणि चूकदुरुस्ती

२०१४ पासूनचा प्रवास थोडक्यात सांगतो, कारण तारखांचीच गंमत आहे. जुलै २०१४ मध्ये अध्यादेश निघाला, मराठा समाजाला १६ टक्के. नोव्हेंबरमध्ये उच्च न्यायालयाची स्थगिती. पुढं मोर्चे निघाले, गायकवाड आयोग आला, आणि ३० नोव्हेंबर २०१८ पासून १६ टक्क्यांचा कायदा लागू झाला. २७ जून २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं तो मान्य केला, पण टक्के कमी केले, शिक्षणात १२ आणि नोकरीत १३. गुलाल उधळला गेला. ९ सप्टेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती, आणि ५ मे २०२१ ला कायदा रद्द.

या निकालात दोन वेगळे मुद्दे होते आणि लोकांनी त्यांची खिचडी केली. पहिला पन्नासचा. पाचही न्यायमूर्ती म्हणाले की गायकवाड आयोगाच्या अहवालातून असाधारण परिस्थिती दिसत नाही, आणि इंद्रा साहनीचा निकाल फेरविचारासाठी मोठ्या पीठाकडं पाठवायची गरज नाही.

दुसरा मुद्दा अधिकाराचा. कोणता समाज मागास, हे ठरवण्याचा हक्क राज्याला आहे की नाही? आणि इथंच सरकार, संसद आणि न्यायालय खऱ्या अर्थानं समोरासमोर आले.

झालं असं होतं. ऑगस्ट २०१८ मध्ये १०२ वी घटनादुरुस्ती लागू झाली. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाला घटनात्मक दर्जा देणं हा तिचा उद्देश. तिच्यात ३४२अ हे नवीन कलम आलं. राष्ट्रपतींनी प्रत्येक राज्यासाठी मागास वर्गांची यादी जाहीर करायची, असं त्यात लिहिलं होतं. केंद्र सरकार म्हणत होतं, ही फक्त केंद्राच्या नोकऱ्यांची यादी, राज्यांच्या याद्यांना आम्ही हात लावलेला नाही. संसदेत तसं सांगितलंही होतं. न्यायालयातही केंद्राचे महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी तेच मांडलं.

पाचपैकी न्या. अशोक भूषण आणि न्या. अब्दुल नझीर यांना ते पटलं. पण न्या. नागेश्वर राव, न्या. हेमंत गुप्ता आणि न्या. रवींद्र भट या तिघांनी सांगितलं, कलमात जे लिहिलंय ते तसं नाही. कलमाच्या शब्दांप्रमाणं आता यादी एकच, ती राष्ट्रपतींची. राज्य फक्त शिफारस करू शकतं.

हे समजायला खरेदीखत आठवा. दोन भावांनी जमीन विकली. मनात एकच गट होता, पण दस्तात चुकून दोन्ही गट पडले. पुढं भांडण लागलं. विकणारा म्हणतो, आमच्या मनात तसं नव्हतं. घेणाराही म्हणतो, खरंय, तसं नव्हतं. पण न्यायाधीश दस्त वाचतो. मनातलं नाही, कागदावरचं. मग उपाय एकच राहतो, दुय्यम निबंधकाकडं जाऊन चूकदुरुस्तीचा दस्त करायचा.

संसदेनं अगदी तेच केलं. आधी केंद्रानं फेरविचार याचिका केली, ती जूनअखेर फेटाळली गेली. मग १२७ वं घटनादुरुस्ती विधेयक आलं. तेव्हाचं पावसाळी अधिवेशन गोंधळात बुडालं होतं, पेगासस प्रकरणावरून कामकाज रोज बंद पडत होतं. या विधेयकासाठी मात्र सगळे पक्ष शहाण्यासारखे बसले. १० ऑगस्ट २०२१ ला लोकसभेत ३८५ विरुद्ध शून्य, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत १८७ विरुद्ध शून्य. एकही मत विरोधात नाही. मंजूर झाल्यावर ती १०५ वी घटनादुरुस्ती झाली, आणि राज्यांना आपली यादी करायचा हक्क परत मिळाला.

पण त्या चूकदुरुस्तीत पन्नासची ओळ नव्हती. त्या चर्चेत विरोधकांनी, आणि महाराष्ट्रातल्या खासदारांनी तर जोर देऊन, मर्यादाही उठवा अशी मागणी केली. ती ऐकली गेली नाही. म्हणजे राज्याला गाडीची किल्ली परत मिळाली, रस्त्यातलं फाटक तसंच बंद राहिलं. मुंबईतलं सरकार दिल्लीकडं बोट दाखवतं, दिल्ली न्यायालयाकडं, आणि न्यायालय म्हणतं की आधी आकडेवारी आणा. हे बोट दाखवणं पक्ष बघून बदलत नाही, खुर्ची बघून बदलतं. २०१८ मध्ये जे बाकावर एका बाजूला होते ते २०२१ मध्ये दुसऱ्या बाजूला होते, आणि भाषणं फक्त अदलाबदल झाली.

संसद सरळ न्यायालयाचा निकाल पुसू शकते का?

पुसू शकते, आणि पुसलेलाही आहे. पहिली घटनादुरुस्तीच अशी झाली. घटना लागू होऊन दीड वर्षही झालं नव्हतं. मद्रास राज्यात कॉलेजच्या जागा जातीनिहाय वाटायचा आदेश होता, तो एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चंपकम दोराईराजन खटल्यात रद्द केला. जूनमध्ये संसदेनं घटनेत कलम १५(४) घातलं. आज शिक्षणात जे काही आरक्षण आहे त्याचा मोठा आधार हेच कलम. त्याच दुरुस्तीत नववं परिशिष्ट आलं. जमीन सुधारणेचे कायदे न्यायालयात अडकू नयेत म्हणून ते त्या परिशिष्टात टाकायचे, तिथं गेले की कुणी आव्हान द्यायचं नाही, अशी ती तिजोरी.

तामिळनाडूनं आपलं ६९ टक्के आरक्षण १९९४ मध्ये याच तिजोरीत ठेवलं. म्हणून आपल्याकडं सभेत हमखास घोषणा होते, "तामिळनाडूसारखं नवव्या परिशिष्टात टाका!" टाकता येईल, संसदेनं ठरवलं तर. पण तिजोरीचं कुलूप आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायमूर्तींनी सात विरुद्ध सहा अशा मतांनी ठरवलं की संसद घटना बदलू शकते, पण तिचा पाया उखडू शकत नाही. आणि जानेवारी २००७ मध्ये न्यायालयानं सांगितलं की त्या तारखेनंतर नवव्या परिशिष्टात गेलेले कायदेही तपासता येतील. म्हणजे टाकलं तरी तपासणी टळत नाही.

तेव्हा पन्नासचं फाटक उघडायला दोनच वाटा दिसतात. संसदेनं घटनेत स्पष्ट दुरुस्ती करायची आणि ती न्यायालयाच्या कसोटीवर टिकवायची. नाहीतर नऊपेक्षा मोठं, म्हणजे निदान अकरा न्यायमूर्तींचं पीठ बसून त्यानं इंद्रा साहनीचा निकाल बदलायचा. राज्यानं एकट्यानं टक्के वाढवले की काय होतं ते बिहारनं बघितलं. जातगणना करून त्यांनी २०२३ मध्ये आरक्षण ६५ टक्क्यांवर नेलं, जून २०२४ मध्ये पाटणा उच्च न्यायालयानं ते रद्द केलं.

आज आपल्या हातात कोणता कागद आहे?

दोन आहेत, आणि दोन्ही एक नाहीत. गावात बऱ्याच जणांचा इथं घोटाळा होतो.

एक, एसईबीसीचा दाखला. न्या. शुक्रे आयोगाच्या अहवालावरून २० फेब्रुवारी २०२४ च्या विशेष अधिवेशनात मंजूर झालेला १० टक्क्यांचा कायदा. हा रस्ता सरळ पन्नासच्या फाटकावर जातो. त्याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान आहे, तीन न्यायमूर्तींच्या पूर्ण पीठापुढं २०२५ मध्ये नव्यानं सुनावणी सुरू झाली. या कायद्याखालचे प्रवेश आणि भरती न्यायालयाच्या अंतिम निकालाच्या अधीन आहेत.

दोन, कुणबी दाखला. हा नवीन आरक्षण देत नाही. कुणबी आधीच ओबीसीत आहेत, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा या नोंदीही २००४ मध्ये यादीत आल्या. त्यामुळं इथं पन्नासचा प्रश्नच येत नाही. म्हणून तर जरांगेंची मागणी या रस्त्यानं गेली. अडचण मराठवाड्याची अशी की आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. जुनी दप्तरं उर्दूत, मोडीत, काही हैदराबादला. विदर्भात घरोघरी सापडणाऱ्या नोंदी इथं सापडेनात. न्या. संदीप शिंदे समितीनं खासरा पत्रकं, शाळेचे प्रवेश-निर्गम उतारे असं काय काय शोधलं. मग मुंबईच्या आझाद मैदानावरच्या उपोषणानंतर २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटचा जीआर निघाला. ग्राम महसूल अधिकारी (आपला तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (आपला ग्रामसेवक) आणि सहायक कृषी अधिकारी अशी तिघांची गावपातळीवरची समिती चौकशी करणार, असं त्यात आहे.

हा रस्ता फाटक टाळतो, पण तो दुसऱ्याच्या अंगणातून जातो. ओबीसी समाजाचं म्हणणं तेच आहे. १९ टक्क्यांचं ताट तेवढंच, जेवणारे वाढले, तर आमच्या लेकरांनी काय करायचं? बलुतेदार, छोट्या जाती, ज्यांच्या घरात अजून एक तलाठीसुद्धा झालेला नाही, त्यांची भीती खोटी नाही. तसंच तीन एकर कोरडवाहू कापसावर दोन पोरं शिकवणाऱ्या मराठा बापाची ओढाताणही खोटी नाही. या जीआरलाही ओबीसी संघटनांनी उच्च न्यायालयात आव्हान दिलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये न्यायालयानं अंतरिम स्थगिती दिली नाही. स्थगिती नाही म्हणजे शिक्कामोर्तब झालं असं नव्हे, आणि आव्हान दिलं म्हणजे रद्द झालं असंही नव्हे. व्हॉट्सअपवर दोन्ही बाजूंचे लोक नेमकं हेच उलटं पसरवतात.

स्थगितीचा चटका कसा बसतो हे २०२० नं दाखवलं. परीक्षा दिली, यादीत नाव आलं, घरी पेढे वाटले, आणि नेमणुकीचं पत्र हातात पडायच्या आत ९ सप्टेंबर उजाडला. ज्यांच्या नेमणुका त्या तारखेच्या आत झाल्या होत्या त्यांना २०२१ च्या निकालानं संरक्षण दिलं. जे आठ दिवसानं मागं राहिले ते रस्त्यावर आले. त्यांच्यासाठी २०२२ मध्ये अधिसंख्य पदं निर्माण करायचा वेगळा कायदा करावा लागला. दोन वर्षं गेली, ती कुणी भरून दिली नाहीत.

म्हणून पोरांनो, प्रवेशाचा किंवा भरतीचा अर्ज भरताना प्रवर्गाच्या रकान्यात काय टाकतो ते नीट बघा. एसईबीसीचा दाखला असेल तर त्याबरोबर लागणारं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालू वर्षाचं आहे का ते तपासा. कुणबी दाखला काढला असेल तर काम संपलं असं समजू नका. दाखला प्रांताधिकारी देतात, पण त्यावर जात पडताळणी समितीची वैधता लागते, आणि ती समिती जुनी नोंद, वंशावळ, नातेवाईकांचे कागद सगळं परत बघते. वैधता नाही मिळाली तर मिळालेली जागा जाते. वंशावळीत आजोबाचं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं असेल तर ते आत्ताच दुरुस्त करून घ्या, बारावीचा निकाल लागल्यावर सेतूच्या रांगेत उभं राहून ते होत नाही. आणि ऑर्डरवर खाली बारीक अक्षरात "न्यायालयीन निर्णयाच्या अधीन राहून" असं लिहिलेलं असेल, तर ती ऑर्डर सगळ्या कागदांसकट, झेरॉक्सच्या दोन प्रती काढून, घरात जपून ठेवा.